चार जीबीचा संसार

इंदूरच्या आरएनटी मार्गावर, सिल्वर मॉलमध्ये जुन्या लॅपटॉपची चौकशी केली की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: ‘भिया, आय-फाइव्ह है, मक्खन चलेगा.’ आय-फाइव्ह असतोही. पण लॅपटॉप स्वस्त का पडतो, हे त्या निळ्या स्टिकरवरून कळत नाही. ते झाकणाच्या आत असतं. रॅम बोर्डालाच डाग देऊन बसवली आहे का, डिस्क फिरणारी आहे की एसएसडी (न फिरणारी, वेगवान) की ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली स्वस्त साठवण), वाय-फायचं कार्ड कोणत्या चिपचं आहे. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, घालायचं ठरवलं असेल, तर या तीन प्रश्नांची उत्तरं प्रोसेसरच्या नावाआधी विचारावीत.

हा बाजार सध्या मालाने भरलेला आहे, त्यालाही कारण आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची, कंपन्यांनी एकगठ्ठा काढून टाकलेली मशीनं बाजूला पडली. त्यांतल्या कित्येकांच्या बिजागऱ्या अजून घट्ट आहेत, कीबोर्ड आजच्या नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा सरस आहेत. धडधाकट यंत्र एका तारखेमुळे भंगारात जावं, हे मला मुळीच पटत नाही. लिनक्सची खरी गरज इथेच आहे.

तरी आय-फाइव्ह म्हणजे काय, हे नंबर वाचून ठरवायचं. आय-फाइव्ह-७२००यू मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. त्या पिढीपर्यंतच्या ‘यू’ मालिकेतल्या आय-फाइव्हला २ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असतात, आठव्या पिढीतल्या ८२५०यू ला ४. सहावी आणि सातवी या दोघींत कोअर सारखेच, पण सातवीला व्हीपी९ हा व्हिडिओ प्रकार चिपमध्येच उलगडता येतो. यूट्यूब बरेच व्हिडिओ त्याच प्रकारात पाठवतं. सहाव्या पिढीवर ते ओझं प्रोसेसरवर पडतं, पंखा घोंघावतो, बॅटरी उतरते. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये शिकून रात्री तासन्‌तास व्याख्यानं बघणाऱ्या मुलामुलींना हा फरक रोज जाणवेल. सहावीच पदरात पडली, तर ब्राउझरमध्ये यूट्यूबला एच.२६४ हा जुना प्रकार द्यायला लावणारं एक्स्टेन्शन टाकायचं. १०८०पी पर्यंत काम भागतं.

आणि नवा, खोक्यातून काढलेला सेलेरॉन, म्हणजे इंटेलच्या स्वस्त चिपचा लॅपटॉप? एन४०२० मध्ये २ कोअर, वर ४ जीबी रॅम डाग देऊन पक्की केलेली, ६४ जीबी ईएमएमसी, तीही पक्की. वॉरंटी मिळते, वजन कमी असतं, पण पुढे काहीच वाढवता येत नाही. माझ्या मते त्याच पैशांत मिळणारा, दोन रॅम-खाचांचा जुना ऑफिस लॅपटॉप कधीही चांगला.

मंदपणाचं मूळ बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये नसतंच. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा घ्यायला ११ मिलिसेकंद लावते. वर डोकं सरकायला वेळ लागतो. म्हणजे विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील, तर सेकंदाला शंभरच्या आतच वाचनं होतात. ब्राउझर उघडताना अशा हजारो छोट्या तुकड्यांची मागणी येते. कितीही हलकं लिनक्स घाला, ही रांग चुकत नाही. त्यामुळे पहिला खर्च अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कचीच जोडणी) एसएसडीचा, २४० किंवा २५६ जीबी पुरे. एम.२ ची (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची) खाच असली तर ती साटाची आहे की एनव्हीएमई या वेगवान जोडणीची, हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्यायचं. दोन्ही कार्डं दिसायला जुळ्या भावांसारखी, पण एकाच्या खाचेत दुसरं चालेलच असं नाही.

दुसरा खर्च रॅमचा. खाच डीडीआर३एल ची असेल तर १.३५ व्होल्टचीच काडी घ्यायची. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची कापलेली खूण वेगळ्या जागी असते, त्यामुळे जोर लावून बसवण्याचा प्रश्नच नाही. ४ च्या जोडीला ८ लावली तरी चालतं, त्यातला ८ जीबीचा भाग दुहेरी वाटेने धावतो आणि उरलेले ४ एकेरी.

विकत घेण्याआधी मशीन पेनड्राइव्हवरून चालवून बघणं, ही लिनक्सने दिलेली फार मोठी सोय आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर मिंट २२ या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या पडद्याची, आवृत्ती. फाइल ३ जीबीच्या आसपास असते. उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलचा जणू ठसा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. अर्धवट उतरलेल्या फाइलने होणारे बिघाड इतके चित्रविचित्र असतात, की दोष उगाच लॅपटॉपला लागतो. सुरू करताना पेनड्राइव्ह निवडायचा मेनू उघडायला लेनोव्हो आणि डेलवर एफ१२, एचपीवर एफ९, एसूसवर एस्केप. एसरवर एफ१२ चा मेनू आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावा लागतो. दुकानदाराला सांगून ठेवा की ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही.

मग दहा-पंधरा मिनिटं नीट घ्या. फोनच्या हॉटस्पॉटला वाय-फाय जोडा, व्हिडिओ लावून आवाज ऐका, कॅमेरा उघडा, टेक्स्ट एडिटरमध्ये प्रत्येक कळ दाबा, प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा बघा. झाकण मिटून मिनिटभराने उघडा. जागा झाला नाही तर हा लॅपटॉप रोज त्रास देणार. पॉवर मॅनेजरच्या खिडकीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी दिसते. मूळ ४८ वॅट-तास आणि आज २४ असेल, तर अर्धी बॅटरी गेली आणि भाव करायला मुद्दा मिळाला. ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्राममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली, नोंद असते. डिस्क एकूण किती तास चालली आहे आणि किती सेक्टर खराब म्हणून बाजूला टाकले, हे तिथे लिहिलेलं असतं. दुसरा आकडा शून्याहून जास्त असेल तर त्या डिस्कवर विसंबू नका.

वाय-फायपाशी जास्त लोक अडकतात. रिअलटेकच्या ८८२१सीई या कार्डाला कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.९ पासून आधार आहे, ८८५२बीई ला ६.२ पासून. मिंट २२ ची सुरुवातच ६.८ ने होते, म्हणून दोन्ही आपसूक चालतात. जुना मिंट २१ घातला, त्याचं मूळ कर्नल ५.१५, तर दुसरं कार्ड दिसतच नाही. ‘जुनं लिनक्स हलकं’ या समजुतीने केलेली ही निवड नव्या लॅपटॉपवर हमखास फसते. मीडियाटेकच्या ७९०२ ला तर फार काळ कर्नलमध्ये ड्रायव्हरच (कार्ड चालवणारा प्रोग्राम) नव्हता, ते कार्ड दिसलं तर सरळ बदलायचं ठरवा. ब्रॉडकॉम ४३१४२ साठी मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्यावा लागतो, आणि तो इंटरनेटवरून घ्यायचा तर इंटरनेट त्या कार्डाशिवाय नाही. इथे फोन यूएसबी तारेने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कार्ड बदलायचं झालं तर इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण ती इंटेलच्या ठराविक चिपसेटवरच चालतात. काही जुन्या एचपी-लेनोव्होंच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही, तेही आधी बघून घ्या.

बायोसमधली एक गाठ सगळ्यांना सापडते. इन्स्टॉलर सुरू होतो आणि त्याला डिस्कच दिसत नाही. डिस्क ठीक असते. ती इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी या डिस्क सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या पडद्याआड असते. साटा मोड एएचसीआय (साधी जोडणी) केला की ती पुढ्यात येते. बऱ्याच एसर लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो, ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर तो उघडतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली प्रणालीच सुरू होऊ देणारं कुलूप) बंद करायचं असेल तर तिथे आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो. विंडोज शेजारी ठेवायचं असेल, तर मोड बदलण्याआधी विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये उठायला सांगा, मग बायोस बदला, सेफ मोडमध्ये उठू द्या, आणि पुन्हा नेहमीच्या वाटेला लावा. नाहीतर निळी स्क्रीन ठरलेली. त्याही आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसला हात लागताच विंडोज ती मागतं, आणि ती नसेल तर त्या डिस्कवरचे फोटो-कागद कायमचे गेले.

सिक्युअर बूट चालू ठेवून ब्रॉडकॉमसारखा बाहेरचा ड्रायव्हर घातला, तर पुढच्या वेळी सुरू होताना एक निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ (या ड्रायव्हरच्या सहीला मान्यता) निवडून, ड्रायव्हर घालताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. पडदा काही सेकंदच थांबतो. लोक घाबरून ‘कंटिन्यू’ दाबतात, आणि मग ड्रायव्हर घातला तरी वाय-फाय का नाही, याचा शोध दिवसभर चालतो.

आता ४ जीबीचा हिशेब. मिंट एक्सएफसीई उठून बसतं तेव्हा सुमारे १ जीबी वापरात असते, थोडी ग्राफिक्सने आधीच घेतलेली असते. उरलेल्यात ब्राउझर. पाच-सहा टॅब, एक पीडीएफ, एक व्हिडिओ, की माउसचा बाण गोठतो आणि डिस्कचा दिवा पेटलेला राहतो. हे गोठणं नेमकं काय असतं, ते समजून घेण्यासारखं आहे. रॅम संपली की कर्नल चालू प्रोग्रामचाच कोड रॅममधून काढून टाकतो, कारण तो डिस्कवरून पुन्हा वाचता येतो. पुढच्या क्षणी तोच कोड लागतो, त्याला जागा करायला दुसऱ्या कोणाचा तरी कोड बाहेर जातो, आणि सारा वेळ या ये-जा करण्यातच जातो. यंत्र बंद पडलेलं नसतं, दमछाक होईपर्यंत राबत असतं.

यावरचा चांगला उपाय झेडरॅम. स्वॅप म्हणजे रॅममध्ये न मावणारा मजकूर ठेवायची जागा. ती रॅमच्याच एका भागात करायची, पण मजकूर आवळून. नेहमीचा मजकूर दुप्पट-तिप्पट आवळला जातो, म्हणजे २ जीबीचं स्वॅप प्रत्यक्षात पाऊण ते १ जीबीत मावतं. मिंटवर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज घाला. ‘इटीसी’ फोल्डरमधल्या ‘डिफॉल्ट’मध्ये झेडरॅमस्वॅप नावाची फाइल असते. तिच्यात अल्गो (आवळायची पद्धत) पुढे झेडएसटीडी आणि पर्सेंट (रॅमचे टक्के) पुढे ५० लिहा. ओळीच्या सुरुवातीची हॅशची खूण काढायला विसरू नका, ती राहिली तर तुमचे आकडे वाचलेच जात नाहीत. मग स्वॅपीनेसचा, म्हणजे कर्नल स्वॅपकडे किती लवकर वळतो त्याचा, आकडा ६० वरून वाढवून १०० ते १५० करा. इंटरनेटवर तो १० करा असा सल्ला जागोजागी सापडतो. तो फिरणाऱ्या डिस्कच्या काळातला आहे, जेव्हा स्वॅप म्हणजे संथ तबकडी होती. झेडरॅममध्ये स्वॅप रॅमच्याच वेगाच्या जवळपास असतं, तेव्हा कर्नलने ते लवकर वापरावं हेच हिताचं. डिस्कवरची स्वॅप फाइल काढू नका. ती मागे राहते आणि झेडरॅम भरलं तरच वापरात येते.

सोबत अर्लीओओएम हा छोटा पहारेकरी बसवा. मोकळी रॅम आणि मोकळं स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेलं, की तो सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला, बहुधा ब्राउझरच्या एखाद्या टॅबला, बंद करतो. एक टॅब जातो, पण लिहीत असलेलं पत्र वाचतं. ही अदलाबदल मला पूर्ण मान्य आहे.

रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, त्यामुळे देवनागरी दोन्हीकडून लागते. गणेशोत्सवाचं पत्रक मराठीत, सोसायटीची नोटीस हिंदीत. लिनक्समध्ये यासाठी वेगळा प्रोग्राम लागतोच असं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’ (कळांची मांडणी) जोडताना भारतीय लिप्यांसाठी ठरलेला इनस्क्रिप्ट मिळतो, आणि ‘मराठी कगप फोनेटिक’ही मिळतो, ज्यात आवाजावरून कळ सापडते. हे मूळ लेआउट असल्यामुळे मागे कसलीही सेवा चालत राहत नाही, आणि ४ जीबीच्या घरात तेवढीही बचत मोलाची. रोमनमध्ये लिहून देवनागरी उमटवायची सवय असेल तर मात्र आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्राम घालावे लागतात.

माझा आग्रह इनस्क्रिप्टचा. मध्य प्रदेशातल्या सीपीसीटी या संगणक-टायपिंगच्या परीक्षेत हिंदी टायपिंगला तो चालतो, आणि तोच हात मराठीला उपयोगी पडतो. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. मराठी लिहिणाऱ्याची परीक्षा इथेच असते. ‘दुसऱ्या’ लिहिताना साधा र घेऊन पाय मोडला तर ‘दुसर्या’ होतं, रफार य च्या डोक्यावर चढतो. शिफ्ट-जे, मग हलंतासाठी डी, य साठी स्लॅश, काना ई वर. चार कळा, आणि ‘ऱ्या’ जसा हवा तसा.

त्याहून बारीक गोष्ट ल आणि श ची. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये या दोन अक्षरांची मराठी वळणं आत भरलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. इंदुरात देवनागरीची भाषा हिंदी ठेवायची पद्धतच पडलेली, म्हणून पत्रिकेतला ‘शुभविवाह’ हिंदी श घेऊन छापला जातो आणि कोणालाच कारण कळत नाही. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांचं पान, तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करून तिची भाषा मराठी करा. लगेच ल आणि श आपल्या वळणावर येतात. त्याच पानाशी निगडित दुसरी अडचण: लिबरऑफिस रोमन आणि देवनागरी यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे धरतं. शैलीमध्ये रोमनचा आकार १४ केला तरी देवनागरी १२ वरच राहते. दोन्ही रकाने स्वतंत्र बदलायचे असतात.

विंडोजवर मंगल किंवा निर्मला फॉन्टमध्ये केलेली फाइल लिनक्सवर उघडली की ओळी सरकतात, एक पान दोनावर जातं. ते फॉन्ट इथे नसतात, त्यांच्या जागी दुसरा येतो, त्याची रुंदी वेगळी. छापखान्यात द्यायचं ते नेहमी पीडीएफ करूनच द्या. कृतिदेवातले जुने हिंदी कागद आणि शिवाजीतले जुने मराठी कागद हे तर मुळात देवनागरी नाहीतच. आत रोमन अक्षरं, वर फॉन्टचा मुखवटा. ते युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतात आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकदा वाचून बघावी लागतात.

प्रिंटरचं आधी तपासा. एचपीच्या लेझरजेट १०२० च्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) टिकत नाही, प्रत्येक वेळी चालू झाल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं. एचपीलिप हा एचपीचा लिनक्सवरचा प्रोग्राम घालून त्याचं प्लगइन उतरवलं नाही, तर छपाई रांगेत दिसते आणि कागद हलत नाही. कॅननचा एलबीपी २९००, जो अर्ध्या हिंदुस्तानच्या टेबलांवर आहे, लिनक्सवर खरोखर डोकेदुखी आहे. त्याचा जुना ड्रायव्हर मागे चालणाऱ्या एका सेवेवर अवलंबून असतो आणि ती वरचेवर पडते. तोच एक प्रिंटर घरात असेल तर विंडोजचा एक कोपरा राखून ठेवा. नव्या, वाय-फायवरून ड्रायव्हरशिवाय छापणाऱ्या प्रिंटरांना मात्र काहीच करावं लागत नाही.

विंडोजसाठीच्या टॅलीवर रोजचा हिशेब असणाऱ्या दुकानदाराला मी लिनक्सचा आग्रह करणार नाही. सही करायचं डिजिटल टोकन असलेल्यांनाही विंडोज शेजारी ठेवायला सांगेन. दोन्ही ठेवल्यावर घड्याळ साडेपाच तासांनी चुकतं, कारण लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या आज्ञेने स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की प्रश्न मिटतो. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि त्याचे ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचायला मिळतात.

माळव्यातला मे महिना लॅपटॉपला जड जातो. खोलीत ४० अंश असताना धुळीने बुजलेला पंखा प्रोसेसरला थंड ठेवू शकत नाही, आणि तो आपला वेग आपणच उतरवतो. उन्हाळ्याआधी झाकण उघडून पंखा साफ करा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. चार्जर लावताच टचपॅडचा बाण थरथरायला लागला, तर ड्रायव्हर शोधत बसू नका. आधी भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग बघा, चार्जर काढून बाण स्थिर होतो का ते बघा. जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकामागे तारच नसते.

६४ जीबीच्या ईएमएमसीवर टाइमशिफ्टला (सिस्टिमच्या प्रती ठेवणाऱ्या प्रोग्रामला) दर आठवड्याच्या दोनच प्रती ठेवायला सांगा, जुनी कर्नलं अपडेट मॅनेजरमधून काढत राहा, आणि फ्लॅटपॅकचे प्रोग्राम जपून घाला. पहिला प्रोग्राम आपल्यासोबत जीबीभराचा पाया घेऊन येतो. डिस्क पूर्ण भरली तर लॉगिनचा पडदा पासवर्ड घेतो आणि पुन्हा तिथेच परत येतो. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून काळ्या पडद्यावर आत शिरायचं आणि जागा करायची. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सातव्या पिढीचा लॅपटॉप तेव्हा बारा वर्षांचा झालेला असेल आणि तोवर त्याची बॅटरी एकदा तरी बदलावी लागेल. म्हणून घेतानाच असं मॉडेल बघा, ज्याची बॅटरी चार स्क्रू काढून बदलता येते आणि जेल रोडवर विचारली तर मिळते.